निळ्या पोर्टचं ग्राफिक्स कार्ड

पाच हजार दोनशे रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही. पण ज्या गोष्टीवर खूश होऊन मी ते कार्ड घेतलं, तीच गोष्ट ते खोटं असल्याचा पुरावा होती, हे अजून पचत नाही.

झालं असं की आमच्या इंदिरानगरच्या घरी ४३ इंची ४के टीव्ही आला. त्याला जोडायला एक जुना ऑफिसातला कॉम्प्युटर होता, तिसऱ्या पिढीचा आय-५. नाटकं, जुने सिनेमे, घरचे फोटो सगळं त्यात भरायचं आणि बाबांनी दिवाणावर बसल्या बसल्या बघायचं, असा बेत. दोन महिने छान चाललं. मग पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ आला, ४केमधला, एचईव्हीसी फॉरमॅटचा, म्हणजे फाइल लहान व्हावी म्हणून घट्ट दाबून बसवलेला. लावला तर अंतरपाट धरलेला, भटजींचं 'शुभमंगल सावधान' म्हणून होतंय, आणि चित्रात नवरी अजून मामाच्या मागून चालतच येतेय. बाबा म्हणाले, "हिला लग्न करायचंय की नाही?"

त्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी उलगडणारं हार्डवेअरच नाही. सगळा भार सीपीयूवर पडतो आणि तो बिचारा शंभर टक्क्यांवर जाऊन धापा टाकतो. म्हणजे ग्राफिक्स कार्ड हवं. मला गेम खेळायचे नव्हते. मला हवं होतं ते एवढंच: दहा बिटचं (म्हणजे रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी स्वतः उलगडणारं आणि एचडीएमआय २.० असलेलं, म्हणजे ४के चित्र सेकंदाला साठ फ्रेमनी टीव्हीवर जाईल. एवढ्यासाठी एनव्हिडियाचं जीटी १०३० पुरतं. तीस वॉटवर चालतं, बिनपंख्याचंही मिळतं. इथेच थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण जुन्या सामानाच्या एका ऑनलाइन जाहिरातीत जीटीएक्स १०५० टीआय दिसलं, ४ जीबी, साडेपाच हजार. वाटलं, थोडे जास्त गेले तरी चारपट मोठं कार्ड मिळतंय. (चारपट कशाच्या, हे मी स्वतःला विचारलं नाही.) विकणारा नाशिकरोडच्या बाजूला एका फ्लॅटमधून धंदा करायचा. बोलणं गोड. "दादा, तुम्ही स्वतः बघा, चालवून बघा, मगच पैसे द्या." त्याचा कॉम्प्युटर लावलेलाच होता. डिव्हाइस मॅनेजर उघडलं: जीटीएक्स १०५० टीआय. मेमरी ४ जीबी. यूट्यूबवर एक गाणं लावून दाखवलं, ते लोण्यासारखं चाललं. आता कळतं की तो मॉनिटर साधा १०८०पीचा होता आणि तेवढं गाणं माझ्या जुन्या कॉम्प्युटरनेही कार्डाशिवाय चालवलं असतं.

मग मी कार्डाची मागची पट्टी बघितली. एचडीएमआय, डीव्हीआय आणि एक निळं व्हीजीए पोर्ट. मी म्हटलं, अरे वा, घरचा जुना मॉनिटरही लागेल! तो लगेच म्हणाला, "हेच तर, दादा, हल्ली असं कार्ड मिळत नाही." अगदी खरं बोलला. मिळतच नाही, कारण १०५० टीआय ज्या पास्कल पिढीचं आहे, तिच्यात व्हीजीएला लागणारा जुना अ‍ॅनालॉग सिग्नलच नाही. चिपमधून तो बाहेर पडत नाही, तर निळं पोर्ट येणार कुठून? डीव्हीआयचंही तसंच. खऱ्या कार्डावर आडव्या पात्याच्या भोवतीची, अ‍ॅनालॉगसाठीची चार छोटी भोकं नसतात. माझ्या हातातल्या कार्डावर होती, चारही.

दुसरी खूण वीजजोडणीची. १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड आहे, तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. काही उत्पादकांच्या कार्डांना वेगळा सहा पिनांचा कनेक्टर असतो, त्यामुळे नुसत्या त्यावरून ठरवू नका. माझ्या कार्डाला तो होता, पण मी विचारलंही नाही. त्याने वरून एक जोडवायर फुकट दिली आणि एक पेनड्राइव्ह. म्हणाला, "ड्रायव्हर यातलाच टाका, नेटवरून घेऊ नका, गडबड होते." मला तर काळजीवाहू माणूस वाटला. घासाघीस करून तीनशे कमी केले, यूपीआयने पैसे दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "फोन करा ना, मी आहे." मीही मान डोलावली.

घरी लावलं. टीव्ही ४के, पण सेटिंगमध्ये पर्याय १०८०पीच्या पुढे जाईना. मी दोष दिला केबलला. साडेचारशेची नवी आणली. तेच. लग्न लावलं, नवरी पुन्हा वाटेतच. मग पेनड्राइव्हचा नाद सोडून एनव्हिडियाच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर उतरवला. तो टाकताना पडदा काळा झाला, तो कॉम्प्युटर बंद करून चालू केला तेव्हाच उजळला.

शेवटी इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, जीपीयू-झेड टाक, फुकट आहे, आणि फोटो पाठव." टाकलं. कार्डाच्या नावाच्या आधी चौकटी कंसात एकच शब्द: फेक. हे सॉफ्टवेअर २०१८पासून अशी नकली एनव्हिडिया कार्डं ओळखून सरळ तसं लिहितं. मला त्या फ्लॅटमध्ये बसून दोन मिनिटांत कळलं असतं.

त्या रात्री जेवल्यावर आम्ही कार्ड उघडलं. चार स्क्रू, पंख्यासकट हीटसिंक सुटला. खाली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. कापसावर स्पिरिट घेऊन हळूहळू पुसली, आणि चकचकीत चिपवर बारीक अक्षरं वर आली: जीएफ११६. खऱ्या कार्डावर जीपी१०७ असतं. जीएफ११६ म्हणजे २०११चं जीटीएक्स ५५० टीआय, फर्मी पिढीचं. एचईव्हीसी त्याच्या गावीच नाही. ७६८ कोअरच्या जागी १९२. कार्डाची ओळख त्याच्यावरच्या बायॉस चिपमध्ये लिहिलेली असते आणि विंडोज तेच वाचून दाखवतं. कुणीतरी तिथे नवं नाव आणि ४ जीबी लिहून ठेवलं होतं. पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर त्या खोट्या नावाला सांभाळून घेणारा. फर्मीसाठी एनव्हिडियाने नवे ड्रायव्हर काढणं २०१८मध्येच थांबवलं, मग ताजा कसा बसणार?

फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "घेताना बघून घेतलंत ना?" दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा नंबरच बंद. फ्लॅटला कुलूप, वॉचमन म्हणाला, भाड्याचे होते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला. हातात काय, तर यूपीआयची एक नोंद आणि कार्ड. बिल असतं, त्यावर कार्डाचं नाव आणि सीरियल नंबर असता, तर बोलायला तोंड होतं.

तुम्ही जुनं कार्ड घ्यायला जाल तेव्हा स्क्रीनवरचं नाव वाचत बसू नका. आधी पट्टी बघा. मग आपल्या पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड आणि एक दहा बिटची ४के एचईव्हीसी फाइल घेऊन जा, ती लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा आलेख हलतो का ते बघा. ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून समोरच टाकायला लावा. कुरकुर केली तर उठा.

मी नंतर जीटी १०३०च घेतलं, दुकानातून, पक्क्या बिलावर. त्यातही एक मेख आहे. एकाच नावाची दोन कार्डं मिळतात, एक जीडीडीआर५ मेमरीचं, एक डीडीआर४चं. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७च्याही आत. खोक्यावर बारीक अक्षरात असतं, चष्मा घालून वाचा. शिवाय १०३० एव्ही१ हा एचईव्हीसीनंतरचा नवा व्हिडिओ फॉरमॅट उलगडत नाही, जीटीएक्स १६५० आणि एएमडीचं आरएक्स ६४००सुद्धा नाही. ते हवं असेल तर इंटेलचं आर्क ए३१० किंवा ए३८० बघा, मात्र जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग पडतो. आमच्या घरी एव्ही१वाचून अडलं नाही. नवरी वेळेवर पोचली.

खोटं कार्ड भाच्याच्या ओळखीच्या एका रिपेअरवाल्याला दाखवलं होतं. त्याने उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "बाराशे देतो, पुढचं मी बघतो." पुढचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही, तोही बोलला नाही. बाराशे रुपये दिसत होते, खोटं कशाला बोलू. घरी आणलं, निळ्या पोर्टच्या बाजूला पर्मनंट मार्करने '५५० टीआय, २०११' असं जाड अक्षरात लिहिलं आणि माळ्यावर टाकलं.