जुन्या पीसीत विंडोज 7 ठेवावं की लिनक्स मिंट टाकावं?

अमळनेरच्या मावसभावाने विचारलं, "दादा, दुकानातल्या जुन्या पीसीत सेव्हनच ठेवू की लिनक्स टाकू?" लिनक्स मिंट म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टीम. मशीन ड्युअल कोअर, रॅम 2 जीबी. त्याची खरी तक्रार वेगळीच निघाली. घड्याळ रोज मागे जायचं, म्हणून एकही साइट नीट उघडेना. मदरबोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर2032 हा बटणासारखा सेल बदलला, तारीख लावली, काम झालं. सिस्टीम बदलण्याआधी हे बघाच.

सुरक्षेत सेव्हन मागे पडतं. मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला त्याचा सपोर्ट थांबवला आणि क्रोमही 109 च्या पुढे जात नाही. त्यावर बँकेचं काम मी कुणालाच करू देणार नाही. मिंटला अपडेट येत राहतात, तेही फुकट.

वेगात मात्र मिंटकडून चमत्काराची अपेक्षा नको. त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती 2 जीबीवर चालते, पण चार टॅब उघडले की दमते. रॅम 4 जीबी करा.

मेहनत? सेव्हन टाकताना निळा स्क्रीन आणि शेवटी 7बी असलेला कोड आला, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, बदलून बघा. मिंट आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. डिस्कला हात न लावता वायफाय, प्रिंटर तपासता येतो.

जुन्या फॉन्टमधलं मराठी टायपिंग, जुनं बिलिंग असेल तर सेव्हन ठेवा, फक्त नेटची वायर काढून. पोरांचा अभ्यास, मेल, यूट्यूब यासाठी मिंट. भावाला मी मिंटच टाकून दिलं.