पाऊण मीटरची वायर : प्रवासी इलेक्ट्रिक कुकर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

पचमढीच्या एका महागड्या रिसॉर्टमध्ये पहाटे सहाला आमचा सहाशे वॉटचा प्रवासी कुकर अर्धवट शिजलेल्या दलियासह बंद पडला, तेव्हाच त्याच्याविषयी सविस्तर लिहायचे ठरवले होते. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे सातच्या आत त्यांच्या पोटात काहीतरी जावे लागते आणि तिथला नाश्ता आठनंतर सुरू होतो, म्हणून आमच्यासाठी हा कुकर केवळ काटकसरीचे साधन नाही. अर्थात काटकसरही आहेच. त्या रिसॉर्टमध्ये नाश्ता माणशी ६५० रुपये होता आणि खोलीचे भाडे ७,५०० रुपयांवर असल्याने त्यावर १८ टक्के जीएसटी लागत होता. म्हणजे चौघांचे ३,०६८ रुपये. बाहेरच्या साध्या हॉटेलात हाच कर ५ टक्के असतो.

मांडू, महेश्वर आणि दोनदा पचमढी एवढ्या प्रवासात आम्ही इंदूरहून घरीच फोडणी देऊन भाजलेला रवा, मुगाची डाळ मिसळलेला दलिया, जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि शेव घेऊन जात आलो. खोलीत फोडणी कधीही करत नाही, कारण धुराने अलार्म वाजतो. कुकर वापरण्याची परवानगीही आधी रिसेप्शनवर विचारून घेतो. खोलीतल्या चहाच्या किटलीत दूध किंवा अंडी उकळणे मला मुळीच मान्य नाही, कारण त्यानंतर तीच किटली दुसऱ्या कुटुंबाला वापरायची असते. पचमढी सुमारे हजार मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी शंभर अंशांच्या तीन-चार अंश आधीच उकळते, त्यामुळे मुगाच्या डाळीलाही घरच्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो आणि तूरडाळीच्या वाटेला जाऊच नये.

माझा खरा राग वायरवर होता. ती जेमतेम पाऊण मीटर आहे, आणि रिसॉर्टमधले प्लग पलंगामागे नाहीतर आरशाच्या बाजूला उंचावर असतात. पचमढीला वायर पुरावी म्हणून आम्ही कुकर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला होता. कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राने खोक्यावर भाताचे चित्र असूनही धान्य शिजवणे हा गैरवापर ठरवला आणि वॉरंटी नाकारली. तीन आठवडे मी फोन करत राहिले, पण उपयोग झाला नाही.

शेवटी इंदूरच्या महाराणी रोडवरच्या एका कारागिराने कुकर उघडला. टॉवेलमुळे तळाची हवेची छिद्रे झाकली गेली, उष्णता कोंडली आणि थर्मल फ्यूज (कुकर फार तापला की वीज तोडणारा भाग) जळाला, असे त्याने दाखवले. दुरुस्ती १२० रुपयांत झाली. वायर मुद्दाम आखूड ठेवतात, म्हणजे ती टेबलाखाली लोंबत नाही आणि लहान मुलाने ओढून उकळते पाणी अंगावर घेण्याचा धोका कमी होतो, हेही त्याच्याकडूनच कळले. तोवर मी त्या वायरीला कंपनीचा कंजूषपणा समजत होते. ते मत मी मागे घेते. मात्र टॉवेलविषयीची सूचना माहितीपत्रकात ठळक हवी होती आणि वॉरंटीच्या बाबतीत कंपनीचे वागणे चुकीचेच होते.

हा कुकर २३० व्होल्टला तीन अँपियरहून कमी वीज ओढतो, त्यामुळे सहा अँपियरचा चांगल्या प्रतीचा एक्स्टेंशन बोर्ड पुरतो. आता तो बोर्ड आणि खाली ठेवायला एक चौकोनी फरशी आमच्या पिशवीत कायम असते, आणि दुरुस्तीनंतरच्या महेश्वरच्या मुक्कामात सासूबाईंचा दलिया तिन्ही दिवस पावणेसातला तयार होता.