गल्लीतले डॉक्टर की १४ अंकी आभा?

बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या घरांत ‘आमचे डॉक्टर’ हे शब्द अजून ऐकू येतात. ब्रिटनमध्ये लोक एका ठरावीक दवाखान्यात रीतसर नाव नोंदवतात. आपल्याकडे तसा नियम नाही, तरी काही घरांच्या तीन-तीन पिढ्या एकाच डॉक्टरांकडे जातात. आजीला साखर आहे, आईला पेनिसिलिन चालत नाही, हे त्यांना कागद न बघता ठाऊक असतं. आणि दुखणं मराठीत सांगता येतं! ‘पोटात कालवतंय’ आणि ‘पोटात कळ येते’ यांतला फरक ज्याला लगेच कळतो, त्याचं मोल मला फार वाटतं. मात्र हे डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, की ती सगळी माहिती त्यांच्याबरोबरच जाते.

दुसरीकडे २०२१ पासूनची डिजिटल नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारचं आरोग्य खातं, ‘आभा’. आभा क्रमांक असला की, सोय असलेल्या रुग्णालयात क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचं टोकन मिळतं, केसपेपरची रांग वाचते. जोडलेले रिपोर्ट आपल्या संमतीने दुसरीकडेही पाहता येतात. कर्नाटकातल्या निपाणीहून उपचारासाठी महाराष्ट्रातलं कोल्हापूर गाठणाऱ्यांना याचा खरा उपयोग, कारण त्यांची फाइल दोन राज्यांत फिरते. पण गल्लीतल्या दवाखान्याची हातची चिठ्ठी आपोआप त्यात येत नाही. शिवाय आधारवरून आभा काढताना सहसा ओटीपी लागतो आणि आजीच्या आधारला जोडलेला मोबाइल बहुधा पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाकडे असतो.

घरात म्हातारं माणूस असेल तर मी आधी डॉक्टर धरून ठेवीन. नातू गणपतीला आला की त्याच्या मोबाइलवरून आभाही काढून घ्यावं.