ऑटोफोकस कुठे जुळवायचा: कॅमेऱ्यात, लेन्समध्ये की सर्व्हिस सेंटरमध्ये?

मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) एफ/१.४ वर उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, की जेमतेम साडेचार सेंटिमीटर जाडीचा पट्टा शार्प मिळतो. फोकसचा चौकोन डोळ्यावर असतो, फोटोत मात्र पापण्या मऊ आणि कानशिलावरचे केस लख्ख. एवढं व्हायला तीन सेंटिमीटरची चूक पुरते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सवर एफ/५.६ ला हीच चूक डेप्थ ऑफ फील्डमध्ये, म्हणजे शार्प दिसणाऱ्या पट्ट्याच्या जाडीत, पचून जाते, म्हणून ती आधी कधी दिसलेली नसते. मग नवी प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लांबीची लेन्स) घेतलेला माणूस आधी स्वतःच्या हातावर शंका घेतो आणि नंतर लेन्सवर.

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, वापरणाऱ्याला यावर चार वाटा आहेत. कॅमेऱ्याच्या मेनूतलं फाइन-ट्यून (फोकस किंचित पुढे-मागे सरकवायची सोय), लेन्स संगणकाला जोडायचा यूएसबी डॉक, सर्व्हिस सेंटर, आणि चौथी म्हणजे व्ह्यूफाइंडरमधला ऑटोफोकस टाळून लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून फोटो घेणं) किंवा आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्याकडे वळणं. कोणती वाट चांगली, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. तुमची चूक कोणत्या जातीची आहे हे कळलं, की निवड बरीचशी आपोआप होते.

चूक येते कुठून

डीएसएलआरमध्ये मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली, कॅमेऱ्याच्या तळातल्या ऑटोफोकस मॉड्यूलवर जातो. फोटो मात्र मागच्या मुख्य सेन्सरवर उमटतो. हे दोन्ही रस्ते अगदी एकाच लांबीचे हवेत. बॉडीत थोडा फरक, लेन्समध्ये थोडा फरक, दोन्ही कारखान्याच्या मर्यादेत बसणारे. पण एकाच दिशेने साचले तर एफ/१.४ ला उघडे पडतात. म्हणूनच तीच लेन्स मित्राच्या बॉडीवर ठणठणीत चालू शकते. लाइव्ह व्ह्यूमध्ये कॅमेरा मुख्य सेन्सरवरच फोकस तपासतो, त्यामुळे तिथे हा दुसरा रस्ता उरत नाही.

हाच फरक चाचणीत कामाला येतो. ट्रायपॉड लावा, स्टॅबिलायझेशन बंद करा आणि टायमर वापरा. भरपूर उजेडात, सेन्सरला समांतर असं ठळक काळं-पांढरं लक्ष्य ठेवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून लाइव्ह व्ह्यूने फोकस केलेला एक फोटो घ्या. हा तुमचा संदर्भ. मग व्ह्यूफाइंडरमधून मधल्या फोकस पॉइंटने आठ-दहा फोटो घ्या. प्रत्येक फोटोआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवा, एकदा अनंताकडे आणि एकदा जवळ. संगणकावर १०० टक्के मोठे करून संदर्भाशी ताडून पाहा. तिरकी पट्टी ठेवायची तर लक्ष्याच्या बाजूला ठेवा. तिच्यावरच फोकस धरला तर निकालावर विसंबू नका, कारण ऑटोफोकसचा खरा भाग व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठा असतो आणि तिरक्या पृष्ठभागावर तो भलतीच रेघ पकडतो.

आता निकाल वाचायचा. सगळे फोटो सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे गेले असतील तर चूक स्थिर आहे. रोज पाच मिनिटं पुढे असणाऱ्या घड्याळासारखी ती दुरुस्त करता येते. जवळ एक आणि लांब वेगळी चूक येत असेल तर ती अंतरावर अवलंबून आहे. आणि एक फोटो पुढे, एक मागे, एक बरोबर असा गोंधळ असेल तर कोणताही आकडा भरून उपयोग नाही. सरासरी बरोबर आली तरी प्रत्येक फोटो चुकतच राहील. उजेड कमी होता का, लक्ष्यावर पुरेशा कडा होत्या का, हे आधी बघा.

कॅमेऱ्यातलं फाइन-ट्यून

कॅननने २००७ साली १डी मार्क ३ मध्ये ही सोय दिली आणि निकॉनने त्याच वर्षी डी३ आणि डी३०० मध्ये. दोघांच्याही मेनूत उणे २० ते अधिक २० अशी पट्टी असते. फोकस मागे पडत असेल तर उणेकडे, पुढे पडत असेल तर अधिककडे जायचं. प्रत्येक बॉडीत मात्र ही सोय नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांना ती मिळालीच नाही. कॅननने ५०डी मध्ये दिलेली सोय ६०डी मधून काढली आणि २०१३ च्या ७०डी मध्ये परत आणली. तेव्हा आधी तुमच्या मॉडेलचा मेनू उघडून खात्री करा.

खर्च शून्य, मन बदललं तर एका क्षणात परत शून्यावर, आणि प्राइम लेन्सला झूमसारखी दोन टोकं नसल्याने एकच आकडा शोधायचा. स्थिर चुकीसाठी यापेक्षा पुढे जायची गरज मला तरी दिसत नाही. आकडा बॉडीत साठतो आणि ती लेन्स लावली की लागू होतो. दोन बॉडी असतील तर प्रत्येकीत वेगळा आकडा ठेवता येतो, ही मोठी जमेची बाजू.

अडचण अशी, की तो एकच आकडा सगळ्या अंतरांना आणि सगळ्या अ‍ॅपर्चरना लागू होतो. चाचणी फोकल लांबीच्या ५० पट अंतरावरून करावी असा सर्रास दिला जाणारा सल्ला आहे. ८५ मिमीसाठी ते सव्वाचार मीटर होतं. मला तो सरसकट पटत नाही. तुम्ही चेहरे दीड-दोन मीटरवरून टिपत असाल तर तिथेच जुळवा. सव्वाचार मीटरवर डेप्थ ऑफ फील्ड तुम्हाला बरंच सांभाळून घेते, खरी परीक्षा जवळच असते.

अ‍ॅपर्चरचं दुखणं जरा खोल आहे. कॅमेरा लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस करतो आणि फोटोच्या क्षणी अ‍ॅपर्चर मिटवतो. ज्या लेन्समध्ये स्फेरिकल अ‍ॅबरेशन (लेन्सच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न मिळण्याचा दोष) शिल्लक असतं, तिच्यात अ‍ॅपर्चर मिटताना सर्वात शार्प प्रतल सरकतं. कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.२ एल यासाठी प्रसिद्धच आहे: एफ/१.२ ला अचूक, आणि एफ/२ च्या आसपास जवळचा विषय असेल तर फोकस मागे. अशा लेन्सला एक आकडा दोन्हीकडे पुरत नाही. ज्या अ‍ॅपर्चरवर तुमचे बहुतेक फोटो होतात, त्यावर जुळवा आणि बाकीचं सोडून द्या.

निकॉनच्या डी५ आणि डी५०० (२०१६) पासून काही बॉडी लाइव्ह व्ह्यूशी तुलना करून आकडा आपणच शोधतात. सोय छान आहे, पण एकदाच करून थांबू नका. प्रत्येक वेळी आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून पाच-सहा वेळा करून मधला निवडा. आणि हाताने शोधा की आपोआप, आकडा १७-१८ च्या घरात गेला तर तो भरून समाधान मानू नका. एवढी दुरुस्ती लागते म्हणजे बॉडी किंवा लेन्स तपासून घ्यायला हवी.

यूएसबी डॉक

सिग्माने २०१३ मध्ये डॉक आणला आणि नंतर टॅमरॉनने टॅप-इन कन्सोल. लेन्स त्यावर बसवायची, संगणकाला जोडायची आणि दुरुस्ती लेन्सच्याच फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्रॅममध्ये) लिहायची. सिग्माच्या प्राइम लेन्सला चार अंतरांसाठी चार वेगळे आकडे देता येतात. जवळ उणे आणि लांब अधिक लागत असेल तर कॅमेऱ्यातलं फाइन-ट्यून हात टेकतं. तिथे डॉकशिवाय घरच्या घरी इलाज नाही. ज्यांच्या बॉडीत फाइन-ट्यून नाही, त्यांनाही हाच आधार. अर्थात लेन्स त्याच कंपनीची आणि डॉक त्याच माउंटचा (लेन्स बसवायच्या जोडणीचा) हवा.

काम मात्र जिवावर येणारं आहे. फोटो घ्या, लेन्स काढा, डॉकवर लावा, आकडा लिहा, परत कॅमेऱ्यावर चढवा, पुन्हा फोटो, आणि हे चारही अंतरांना. बॉडीत फाइन-ट्यून असेल तर एक युक्ती आहे. प्रत्येक अंतरावर कोणता आकडा लागतो ते आधी कॅमेऱ्यात शोधून कागदावर टिपा, मग ते डॉकमधून लिहा आणि कॅमेऱ्याचा आकडा शून्यावर आणा. दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळतीलच असं नाही, पण सुरुवात जवळून होते.

दुसरी गोष्ट दोन बॉडी वापरणाऱ्यांसाठी. डॉकची दुरुस्ती लेन्सबरोबर फिरते. एका बॉडीला जुळवलेली लेन्स दुसरीवर चुकू शकते, म्हणजे तिथे पुन्हा कॅमेऱ्यातल्या आकड्याची ठिगळं. अशी लेन्स वापरलेली विकत घेतली असेल, तर चाचणीआधी डॉकवर लावून आधीच्या मालकाने काय लिहून ठेवलंय ते बघा.

सर्व्हिस सेंटर

तुमच्या सगळ्या लेन्स एकाच दिशेने चुकत असतील तर संशय बॉडीवर घ्या आणि ती पाठवा. फोटोची एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. त्यावर मेनूतला किंवा डॉकमधला कोणताही आकडा चालत नाही, लेन्स उघडावीच लागते. वॉरंटी चालू असेल तर हाच पर्याय आधी विचारात घ्या. बॉडी आणि लेन्स जोडीने पाठवा, सोबत चाचणीचे मूळ फोटो द्या, आणि मेनूतले आकडे शून्यावर आणायला विसरू नका. तोटा उघड आहे: सामान काही दिवस हाती नसतं, आणि तिथली चाचणी तुमच्या आवडत्या अंतरावरून होईलच असं नाही.

लाइव्ह व्ह्यू आणि मिररलेस

स्थिर विषय आणि ट्रायपॉड असेल तर लाइव्ह व्ह्यूइतकं अचूक काही नाही, आणि ते तुमच्याकडे आधीपासून आहे. जुन्या बॉडींवर ते संथ चालतं, हलत्या माणसामागे धावताना दमतं. ७०डी पासून कॅननच्या ड्युअल पिक्सेल (मुख्य सेन्सरवरच झटपट फोकस मोजणाऱ्या) बॉडींवर ते बऱ्यापैकी चपळ झालं.

मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे दोन रस्त्यांचं भांडण मिटतं. अ‍ॅडॉप्टरने लावलेली जुनी डीएसएलआर लेन्सही तिथे सहसा जागेवर येते. अपवाद सोनीच्या एलए-ईए४ सारख्या अ‍ॅडॉप्टरचा: त्यात स्वतःचा आरसा आणि स्वतंत्र ऑटोफोकस मॉड्यूल आहे, म्हणजे जुनं दुखणं परत. वर्षभर एफ/१.४ वर माणसंच टिपत असाल आणि बॉडी तशीही बदलायची असेल, तर डॉकवर वेळ घालवण्यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा. फक्त एका लेन्ससाठी सगळी व्यवस्था बदलणं मात्र मी टाळेन. फोकस धरल्यावर तुम्ही किंवा समोरचा माणूस दोन सेंटिमीटर डुलला, तर ते मिररलेसही थांबवू शकत नाही. सलग फोकस चालू ठेवला तरच काही अंशी सावरतं.

वाट कोणतीही निवडा, एक तपासणी बाकी राहते. दिवसाच्या उजेडात जुळवलेला व्ह्यूफाइंडरचा ऑटोफोकस पिवळ्या बल्बखाली थोडा सरकू शकतो, कारण वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश लेन्समधून अगदी एकाच प्रतलावर येत नाही. तुमचं बरंच काम घरातल्या दिव्यांखाली होत असेल, तर संदर्भाचा फोटो आणि आकडा दोन्ही त्याच दिव्यांखाली घ्या.