जुनी .३१५ की लष्करी रायफल कापून केलेली .३०-०६? इसार देण्याआधी

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काय किंवा शिरपूर-शहाद्याकडे काय, आजोबांच्या काळची रायफल विकायला निघाली की ती साधारण दोनपैकी एका घराण्यातली असते. एक म्हणजे .३१५, ली-एन्फिल्ड धाटणीच्या ॲक्शनवरची (ॲक्शन म्हणजे नळीमागची काडतूस भरायची-झाडायची यंत्रणा), बीएसएची म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्सची किंवा ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. दुसरी म्हणजे मूळची लष्करी माउझर किंवा अमेरिकन एम १९१७, जिचं लांब लाकूड कापून, साइट बदलून, पॉलिश मारून तिला शिकारी रूप दिलंय. तिचा बोर, म्हणजे नळीचं आणि काडतुसाचं माप, बहुतेक वेळा .३०-०६ सांगितला जातो. विकणारा आधी अक्रोडाचा दस्ता दाखवतो. दस्ता शेवटी बघायचा.

आधी कागद. नाव 'शिकारी रायफल' असलं तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे. रानडुक्कर आणि रोही पिकात घुसतात म्हणून परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. म्हणजे घ्यायची ती स्वसंरक्षण, पीकसंरक्षण किंवा रेंजवरची नेमबाजी, जे कारण परवान्यावर असेल त्यासाठी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्यात मोजली जाते. घरात आधीच बारा बोर आणि वडिलांचं रिव्हॉल्व्हर असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

खासगी विक्रीत विकणाऱ्याने आपल्या हद्दीच्या जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. विकणारा बुऱ्हाणपूरचा असेल तर ही सूचना तिकडे जाते, जळगावच्या कलेक्टर ऑफिसात नाही. त्या ४५ दिवसांत रायफल 'बघायला म्हणून' घरी आणून ठेवू नका.

आता बोर. .३०३ सैन्याचा बोर म्हणून प्रतिबंधित आहे. .३१५ जन्मालाच त्यामुळे आली: इंग्रज सरकारला सैन्याचं काडतूस रयतेच्या हातात नको होतं, म्हणून त्याच ॲक्शनवर ८ एमएमची नळी बसवून नागरी रायफल निघाली. तिचं काडतूस म्हणजे जुनं ऑस्ट्रियन मॅन्लिखर, ८×५० आर. बुडाला कडा, पुंगळी ५० मिमी.

घोळ इथेच होतो. जर्मन माउझरचं ८×५७ हेही बोलीत '८ एमएम'च. त्याला कडा नाही, पुंगळी ५७ मिमीची, दाब कितीतरी जास्त. परवान्यावर नुसतं '८ एमएम' लिहिलं असेल आणि रायफल माउझर असेल तर तिथेच थांबा. त्यातही फार जुन्या ८×५७ नळ्या .३१८ इंची गोळीसाठी आणि नंतरच्या .३२३ साठी आहेत, आणि जाड गोळी बारीक नळीत घालणं म्हणजे दाब वाढवणं. याहून वाईट प्रकार म्हणजे ८×५७ चं काडतूस .३०-०६ च्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या पोकळीत) जाऊन बोल्ट (ती मागून बंद करणारा सरकता भाग) बंद होणं. ८.२० मिमीची गोळी नळीतल्या ७.८२ मिमीच्या पीळदार खाचांतून रेटली जाते, मग ॲक्शन फुटली तर नवल नाही. म्हणून नळीवरच्या आकड्यावर विसंबू नये. गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून कॅलिपरने मोजावा: ५० आणि कडेची खाच असेल तर .३१५, ५७ आणि खाच नसेल तर माउझर, ६३ असेल तर .३०-०६.

एम १९१७ च्या बाबतीत दुसराच फास आहे. तिची जुळी बहीण पी १४ दिसायला जवळपास तशीच, पण बोर .३०३, म्हणजे प्रतिबंधित. दोघींचा बोल्टचा दांडा कुत्र्याच्या मागच्या पायासारखा वाकडा, दोघींच्या मागच्या साइटचे 'कान' शिकारी रूप देताना घासून टाकलेले. फरक ॲक्शनच्या पुढच्या कड्यावर वाचा. 'यू.एस. मॉडेल ऑफ १९१७' आणि खाली विंचेस्टर, रेमिंग्टन किंवा एडीस्टोन असं नाव असेल तर ती अमेरिकन. नंबराआधी नुसतं डब्ल्यू, आरई किंवा ईआरए असेल तर ती पी १४. कड्यावरची अक्षरं घासून गेली असतील तर सौदा संपला. ओळखखुणा नसलेली बंदूक विकणं हा गुन्हा आहे आणि खुणा कुणी पुसल्या हा प्रश्न आला की कायदा आधी ज्याच्या ताब्यात ती आहे त्याच्याकडे बोट दाखवतो. नळी कापून आखूड करणंही परवान्याशिवाय चालत नाही. जुन्या परवान्यात किंवा बिलात नळीची लांबी लिहिली असेल तर टेपने मोजून ताडून घ्या.

कागद आणि बोर जुळले की मगच लोखंड. बोल्ट काढा, चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे बोट घालून बघा. .३१५ मध्ये बोल्ट पुढे ढकलताना शेवटी स्प्रिंगचा जोर लागतो, कारण ती बंद होताना कॉक होते, म्हणजे झाडायची पिन ताणली जाते. एम १९१७ सुद्धा तशीच. माउझर ९८ मात्र दांडा उचलतानाच कॉक होते. कुणी एम १९१७ 'माउझर' म्हणून दाखवत असेल तर एवढ्यावर कळतं.

.३१५ मध्ये बोल्ट अडकवणारे लग मागच्या बाजूला आहेत. दाब बेताचा असल्याने ते पुरतात, पण वर्षानुवर्षांच्या वापराने झिजून हेडस्पेस वाढतो, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कडा यांच्यातली फट. बोल्टचा नंबर ॲक्शनच्या नंबराशी जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आणि मग गेजशिवाय (हेडस्पेस तपासायच्या मापाच्या ठोकळ्याशिवाय) बोलणी करू नयेत. नळीवर बर्मिंगहॅमचे प्रूफचे (जादा दाबाची चाचणी झाल्याचे) ठसे आणि बीएसएच्या तीन उभ्या रचलेल्या रायफलींची खूण स्वच्छ असेल तर ती कारखान्यातून तशीच आली आहे. ईशापूरवाली असेल तर आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी ईशापूर) शोधा. लष्करी एन्फिल्डवर मागून .३१५ ची नळी चढवलेली असेल तर ॲक्शनच्या उजव्या बाजूला दस्त्यापाशी मुकुट, राजाची अक्षरं आणि साल दिसतं. तेव्हा नळीवर स्वतंत्र प्रूफ हवाच.

माउझरची .३०-०६ करताना कारागीर कुठे कापतो ते माहीत असलं पाहिजे. ८×५७ चं भरलेलं काडतूस ८२ मिमी, .३०-०६ चं सुमारे ८५. तीन मिमी कुठून आणायचे? मॅगझिनच्या पुढच्या भिंतीतून आणि काडतूस वर चढतं त्या उतारातून. हा उतार जास्त घासला की खालचा लग ज्या बैठकीवर टेकतो, तिच्या मागचं लोखंडच कमी होतं. मॅगझिनचं बूड उघडून खालून टॉर्च मारा. उतारावर फाइलचे आडवे ओरखडे आणि काठ पातळ दिसला तर ती रायफल भिंतीवर टांगायची. एम १९१७ ची ॲक्शन मुळातच लांब, तिला हे कापकाम लागत नाही. या एका कारणाने आमचं मत तिच्या बाजूने झुकतं. तिचा दोष दुसरा आहे. एडीस्टोनच्या नळ्या फार आवळून बसवलेल्या, त्यामुळे नळी बदलताना ॲक्शनच्या कड्याला तडा गेल्याची उदाहरणं आहेत. कडं रॉकेलने ओलं करा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर पांढऱ्यावर ओली बारीक रेघ उमटते. .३०-०६ चे हेडस्पेस गेज १.९४० इंच आणि १.९५० इंच असे असतात. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये.

नळी दोन्हींची सारखीच तपासायची. आतून तेल पुसून काढा, कारण विकणारे खड्डे लपवायला दाट तेल भरतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं मीठ नळीत राहतं आणि पावसाळ्यात ओल धरतं, म्हणून गंज चेंबरच्या पुढच्या चार बोटांत सगळ्यात जास्त दिसतो. तिथे राखाडी ठिपके असतील तर चालेल, खाचांच्या कडाच विरल्या असतील तर नाही. नळीच्या तोंडाची कड एका बाजूने बसलेली असेल तर नेम कधीच एकत्र येणार नाही. मग स्क्रू काढून नळी लाकडातून उचला आणि खालची बाजू बघा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत लाकूड आकसतं, आषाढात फुगतं, आणि त्या फटीतला गंज वरून कधी दिसत नाही. माउझरचा दस्ता टँगच्या (ॲक्शनच्या मागच्या शेपटाच्या) मागे चिरतो, एन्फिल्डचं पुढचं लाकूड ॲक्शनला टेकतं तिथे.

भाव लावताना नव्या ईशापूर .३१५ ची डीलरकडची त्या दिवशीची किंमत ही वरची रेघ धरा. जुनी .३१५ त्याखाली. त्या रेघेच्या वर फक्त मूळचं बीएसए शिकारी मॉडेल जातं, तेही नंबर जुळत असतील आणि ब्लूइंग (लोखंडावरचा निळा-काळा थर) मूळचं असेल तर. नावाच्या अक्षरांच्या कडा बोथट आणि पॉलिशमध्ये बुडालेल्या असतील तर ब्लूइंग मागून केलेलं आहे, मग 'मूळ' हा शब्द किमतीतून वजा करा. कापून केलेल्या .३०-०६ चा भाव नळीवर ठरतो. नळी गेली असेल तर ॲक्शनपुरतेच पैसे, कारण आपल्याकडे नवी नळी चढवून, प्रूफ करून घेणं हा खर्चापेक्षा वेळेचा प्रश्न आहे. रिग्बीसारख्या नामांकित बंदूकवाल्याचं नाव कोरलेलं असेल तर जरा थांबा. शिकारी जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीमुळे साध्या माउझरवरही ते नाव कोरून विकण्याचा मोह होतो. खरं कोरीवकाम एका खोलीचं, सरळ ओळीत असतं.

काडतुसांच्या बाबतीत .३१५ सरळ पुढे आहे. ती सरकारी कारखाने बनवतात आणि डीलरकडे मिळण्याची शक्यता जास्त. वरणगावला दारूगोळ्याची फॅक्टरी आहे म्हणून .३०-०६ ची सोय होईल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तिथला माल सैन्याचा. शिवाय .३०-०६ ची गोळी तीन किलोमीटरच्या पलीकडे जाते. तापीकाठच्या सपाट रानात, जिथे दर शेतात सालदाराची झोपडी आहे, तिथे ही ताकद अडचणच. रेंजवर दूरचा नेम साधायचा असेल तर .३०-०६ घ्या, आणि त्यातही एम १९१७. शेतावरच्या परवान्यासाठी बऱ्या नळीची .३१५.

शेवटची परीक्षा परवानगीच्या रेंजवर. तीन गोळ्या झाडा आणि पुंगळ्या उचलून उन्हात फिरवून बघा. बुडापासून साधारण बोटभर वर सगळीकडून चकचकीत कडं दिसलं, तर पुंगळी तिथे ताणली गेली आहे, हेडस्पेस जास्त आहे आणि पुढे कधीतरी ती तिथूनच तुटेल. आतून वाकवलेल्या तारेचं टोक फिरवा. खाच लागली तर इसार परत मागा.