हाताने भांडी घडवायला शिकवताना माती कोणती? तीन प्रकार सात महिने वापरून

वर्ग चाकाविना चालणारा. आठ-दहा नवशिक्यांची तुकडी, अडीच तासांची एक बैठक, अशा सहा बैठका. जून ते डिसेंबर या काळात आलटून पालटून तीन प्रकारची माती वापरली: कुंभाराकडची लाल माती, पिशवीत मिळणारी, जास्त तापमानाला भाजायची तयार स्टोनवेअर, आणि भाजावी न लागणारी एअर ड्राय क्ले. शिकवण्यासाठी लाल माती सर्वांत चांगली. मात्र आणली तशी नव्हे, गाळून आणि सुरकी (भाजलेल्या मातीची भरड) घालून. स्टोनवेअर चौथ्या बैठकीपासून पुढे. एअर ड्राय क्ले वाढदिवसाला बोलावलेल्या मुलांच्या तासाभराच्या खेळापुरती ठीक.

लाल मातीला पहिली पसंती स्वस्त म्हणून नाही. हाताच्या कामात निम्म्याहून जास्त चुका वेळेच्या असतात: ओलं असताना उचललं, सुकल्यावर जोडलं. लाल माती आपली अवस्था रंगातून दाखवते. ओली असताना गडद चॉकलेटी, चामड्यासारखी घट्ट झाली की मंद आणि कमी चकाकणारी, पूर्ण वाळली की फिकट, पिवळट झाक असलेली. पेल्याचा कान अंगापेक्षा लवकर सुकतोय हे नवशिक्याला चार हातांवरून दिसतं. फिकट स्टोनवेअरमध्ये हा फरक इतका पुसट असतो की बोट लावून अंदाज घ्यावा लागतो, आणि तो अंदाज पहिल्या महिन्यात कुणालाच नसतो.

तयारीची मेहनत मात्र खरी आहे. माती आधी कडक उन्हात पूर्ण वाळवा. हे उलटं वाटतं, पण कोरडं ढेकूळ पाण्यात टाकलं की आपोआप फुटून विरघळतं. अर्धवट ओलं ढेकूळ आठवडाभर तसंच राहतं. फोडून बादलीत घाला, वर चार बोटं पाणी ठेवा आणि दोन दिवस ढवळू नका. मग रबडीसारखी झाली की मैद्याच्या चाळणीतून गाळा. हा टप्पा टाळला तर शिक्षा भाजल्यावर मिळते. तळ्याकाठच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा चुना होतो, तो पुढे हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि भाजलेल्या भांड्याची टिकली उडवतो. भट्टीतून अखंड निघालेला वाडगा आठवड्याने फुटला, तर खोट बहुधा इथेच असते. संशय असेल तर भांडं थंड झाल्यावर लगेच काही तास पाण्यात बुडवून ठेवा. चुना विरून मऊ होतो आणि टवके उडण्याचं प्रमाण बरंच कमी होतं.

गाळलेली रबडी विटांवर पसरलेल्या मांजरपाटावर ओता. पावसाळ्यात घट्ट व्हायला चार-पाच दिवस, ऑक्टोबरात दीड दिवस. पीओपीच्या लादीवर लवकर होते, पण त्या लादीचा एक कपचा मातीत गेला तरी तो चुनखडीसारखाच त्रास देतो. वर्गात खरवडणारे हात बरेच, म्हणून आम्ही विटाच ठेवल्या.

आता सुरकी. दहा किलो मळायच्या मातीत साधारण दोन किलो पाणी असतं, म्हणजे कोरडी माती आठ किलो. तिच्या १५ टक्के म्हणजे १.२ किलो सुरकी. बांधकामावरची विटेची सुरकी घेऊ नका, तिला चुना-सिमेंट चिकटलेलं असतं. फुटक्या माठांची खापरं कुटा, चाळा, रव्याएवढी जाड ठेवा, आणि मातीत घालण्याआधी ओली करून घ्या. कोरडी घातली तर ती मातीतलं पाणी पिऊन टाकते आणि मळताना माती अचानक ठिसूळ होते. कुटताना नाकावर एन ९५ मास्क हवाच.

फरक मोजून बघायला सोपं आहे. लाटलेल्या पट्टीवर नेमकी दहा सेंटीमीटरची रेघ ओढा आणि वाळल्यावर, भाजल्यावर मोजा. आमच्या नुसत्या लाल मातीची रेघ वाळल्यावर ९.२ झाली, सुरकीवाल्या मातीची ९.४. दोन मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण पेल्याच्या कानाला तडा जायचा की नाही ते या दोन मिलिमीटरवर ठरतं. आकुंचन कमी झालं की भिंत कमीअधिक जाड असली तरी माती चालवून घेते, आणि नवशिक्याची भिंत कधी एकसारखी नसते. सुरकी २० टक्क्यांच्या वर नेली तर वळकटी, म्हणजे दोरीसारखी लाटलेली माती, वाकवताना भेगा पडतात. पेन्सिलीएवढी जाड वळकटी बोटाभोवती गुंडाळून पाहा. बाहेरच्या बाजूला चिरली तर माती अजून मुरायला हवी. प्लास्टिकमध्ये बांधून तीन आठवडे ठेवली की लवचिकता स्पष्ट वाढते. उघडल्यावर कुबट वास आला तर नाक मुरडू नका, ते चांगलं लक्षण आहे.

पहिल्या बैठकीत पिंच पॉट, म्हणजे गोळ्यातून चिमटीने घडवलेला वाडगा. ३०० ग्रॅमचा गोळा, म्हणजे लहान संत्र्याएवढा. वजनकाटा ठेवाच, नाहीतर प्रत्येक जण अर्धा किलोचा गोळा घेतो आणि जाड उखळ घेऊन घरी जातो. अंगठा मध्यभागी, तळाला सुमारे आठ मिलिमीटर माती उरेल इतका आत. मग चिमटे तळापासून वर काढत जायचे. सगळे काठापासून सुरू करतात, कारण काठ हाताला सोपा. पण काठ आधी पातळ झाला की हाताच्या उबेने तोच आधी सुकतो आणि चिरतो, शिवाय तोंड फाकून वाडग्याची बशी होते. तोंड शेवटपर्यंत अरुंद ठेवायचं, हवं तेव्हा नंतर उघडता येतं.

चिरलेल्या काठावर बोट बुडवून पाणी फिरवणं ही या वर्गातली सर्वांत चिवट सवय. पाण्याने भेग दिसेनाशी होते, भरत नाही, आणि काठ अजून कमकुवत होतो. भेग दोन्ही बाजूंनी दाबून मिटवायची, आणि माती फारच कोरडी वाटली तर ओल्या कापडावर दहा मिनिटं पालथी घालायची. पहिल्या बैठकीत टेबलावरून पाण्याच्या वाट्या उचलल्या आणि फक्त एक ओला स्पंज ठेवला. या एका बदलाने इतर सगळ्या उपदेशांपेक्षा जास्त काम झालं.

वळकटीच्या कामात खोट हातात असते. तळहाताने दाबून लाटली की वळकटी चपटी होते आणि मग मध्ये पोकळ राहते. बोटं पसरून, हलक्या हाताने, पूर्ण एक फेरा फिरेल इतकी लांब हालचाल हवी. जाडी करंगळीएवढी, १० ते १२ मिलिमीटर. प्रत्येक वळकटी आतल्या बाजूने खालच्या वळकटीवर ओढून घ्यायची. बाहेरची नक्षी ठेवायची तर ठेवा, आतून सांधा दिसता कामा नये. एका दमात चार-पाच थर पुरेत, नाहीतर खालचे फुगतात. चाक नाही म्हणून कुणी हिरमुसलं तर मणिपूरच्या लोंगपीची काळी भांडी दाखवा. ती चाकाशिवाय घडतात, दगडाची भुकटी आणि माती मिसळून, आणि त्यांत स्वयंपाक होतो.

लाटून केलेल्या पट्ट्यांचं काम नवशिक्यांना सर्वांत सोपं वाटतं आणि सर्वांत जास्त वाकडं तेच होतं. स्वयंपाकघरातलं लाटणं इथे आखूड पडतं, कडा पातळ करतं. दोन फुटी पीव्हीसी पाइप घ्या, मातीच्या दोन्ही बाजूंना आठ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा, पाइप त्यांच्यावरून फिरवा. खाली मांजरपाट. दर तीन-चार फेऱ्यांनी माती उचलून पालथी करा आणि पाव फेरा वळवा. एकाच दिशेने लाटलेली चौकोनी ताटली वाळताना त्याच दिशेने ओढली जाते. लाटून झाल्यावर नारळाच्या घासलेल्या करवंटीने दोन्ही बाजू दाबून घ्या. बाजारातली रबरी पट्टी घेऊन पाहिली, करवंटी सरस. आणि लाटी हाताने एका कोपऱ्याला धरून उचलू नका. वाकवलेलं मातीच्या लक्षात राहतं: सपाट ठेवून सरळ केली तरी भट्टीत तोच कोपरा पुन्हा वर येतो. फळीवर पालथी घालायची, मग कापड सोलायचं.

पेटी किंवा चौकोनी कुंडी करायची तर पट्ट्या चामड्यासारख्या होईपर्यंत थांबावंच लागतं, म्हणजे पावसाळ्यात दुसरी बैठक. कडा ४५ अंशांत कापा, काट्याने आडव्या-उभ्या रेघा मारा, त्याच मातीची दह्याएवढी घट्ट रबडी लावा, दाबून थोडं मागेपुढे हलवा आणि आतल्या कोपऱ्यात बारीक वळकटी भरा. रबडीत चमचाभर व्हिनेगर घातलं तर सांधा बरा धरतो. रबडी भिजवलेल्या टिश्यूच्या लगद्यात कालवली तर त्याहून बरा, पण ती दोन दिवसांत सडते, तेव्हा रोजच्यापुरतीच करा.

कानाचे तडे जवळजवळ सगळे एकाच कारणाने: कान आणि पेला वेगवेगळ्या ओलाव्याचे. जोडल्यावर पूर्ण पेला प्लास्टिकमध्ये रात्रभर बंद ठेवा, म्हणजे ओलावा दोन्हीकडे सारखा होतो. मग दोन दिवस फक्त कानाभोवती प्लास्टिक, बाकी उघडा.

स्टोनवेअर हाताला सुखद आहे. दाणे सारखे, खडे नाहीत, पिशवी उघडली की काम सुरू. भारतात स्टुडिओ पॉटरीला वळण देणाऱ्यांत १९७१ साली पुदुच्चेरीत सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीचं नाव येतं, आणि आजच्या बहुतेक शहरी स्टुडिओंची आवड स्टोनवेअरकडेच झुकलेली दिसते. चहाचा पेला करायचा तर ती लागतेच. ९५० अंशांना भाजलेली लाल माती सच्छिद्र राहते. पेला पाझरतो, टेबलावर ओला गोल उमटतो. कुंडी, पणती, पाण्याचा माठ यांना तोच गुण उपयोगी. पण स्टोनवेअरची दहाची रेघ १२२० अंशांनंतर आमच्याकडे ८.८ वर आली, म्हणजे बारा टक्के आकुंचन. घरून आणलेल्या बशीच्या मापाने केलेला पेला त्या बशीत डगमगतो. मापं सुरुवातीलाच वाढवून घ्यावी लागतात आणि हे गणित पहिल्या दिवशी कुणाच्या डोक्यात शिरत नाही. खर्चही दोनदा: कच्चं भाजणं, मग ग्लेझ (काचेसारखा लेप) लावून पुन्हा.

दोन्ही माती एकाच खोलीत ठेवत असाल तर कापडं, फळ्या, बादल्या वेगळ्या ठेवा आणि प्रत्येक भांड्याच्या तळाला खूण करा. लाल मातीत लोह जास्त. ती चुकून १२२० च्या भट्टीत गेली तर फुगते, वितळून खालच्या फळीला चिकटते आणि भाड्याच्या भट्टीची फळी भरून द्यावी लागते. हे काल्पनिक नाही.

एअर ड्राय क्लेबद्दल तक्रार तिच्या कमकुवतपणाची नाही. ती नेमक्या त्याच चुका माफ करते ज्यांसाठी खरी माती शिक्षा देते. वाळलेल्या तुकड्यावर ओला तुकडा चिकटवा, चालतं. भेगेत पाणी आणि नवी माती भरा, चालतं. दोन बैठका तिच्यावर काढलेल्यांना लाल मातीवर आणलं तेव्हा या सवयी मोडायला तेवढाच वेळ गेला. शिवाय ती भाजता येत नाही आणि पाणी ठेवलं की मऊ पडते, रंग-वार्निश लावलं तरी फुलदाणी म्हणून भरवसा नाही.

शाडूबद्दल हमखास विचारतात. मूर्तीसाठी ती उत्तम, कारण ती भाजायची नसते आणि पाण्यात विरघळावी हीच अपेक्षा असते. भांड्यांच्या वर्गात तिचा उपयोग केला नाही.

भाजण्याबद्दल एक गैरसमज जाता जात नाही: हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं फुटलं. फुटतं ते वाफेने. जाड तळात उरलेलं पाणी १०० अंशांच्या पुढे वाफ होऊन मार्ग शोधतं. भांडं गालाला लावा. गार लागलं तर अजून ओलं आहे. ऑगस्टात अंगठ्याएवढ्या जाड तळाला पंधरा दिवसही पुरले नाहीत, तेच नोव्हेंबरात सहा दिवसांत झालं. भट्टी ८०-९० अंशांवर चार-पाच तास धरायची, पुढे ६०० पर्यंत तासाला शंभराहून जास्त चढवायची नाही, कारण ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतो आणि उतरताना तितकाच आकसतो. म्हणून उतरतानाही झाकण लवकर उघडू नका. पोकळ बंद आकाराला टाचणीएवढं भोक ठेवा, तेही वाफेला वाट म्हणूनच. कुंभाराच्या आव्यात, म्हणजे पारंपरिक भट्टीत, लाकूड-शेणीच्या आचेवर हा वेग हातात नसतो. एकसारख्या पातळ भिंतीची कुंभाराची भांडी तो सहन करतात, नवशिक्यांची जाड-पातळ भांडी नाही. वर्गाचा माल विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीतच द्या.

वर्ग संपल्यावर जमीन कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते. वाळलेलं भांडं पॉलिश पेपरने घासण्यावर आम्ही बंदीच घातली, ओल्या स्पंजने तेच काम होतं. आणि हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत. एका बादलीत धुवा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ पुन्हा मातीच्या बादलीत.