एरिसेरा येथील समुद्रकाठच्या योगस्टुडिओत अकरा आठवडे: एका इंटर्नशिपचे परीक्षण

पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावरील एरिसेरा या गावातील एका योगस्टुडिओत मी एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, म्हणजे अकरा आठवडे, इंटर्नशिप केली. स्टुडिओचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यासाठी कोणाला चव्हाट्यावर आणण्याची माझी इच्छा नाही. निष्कर्ष मात्र आधीच सांगते. केवळ योग शिकण्यासाठी जाणार असाल तर जाऊ नका. त्यासाठी लोणावळा आणि पुणे जवळ आहेत. योगवर्ग हा धंदा म्हणून समुद्रकाठी कसा उभा राहतो आणि कशामुळे कोलमडतो, हे आतून पाहायचे असेल, तर मात्र हे अकरा आठवडे मला पदव्युत्तर वर्गातील एका सत्राहून अधिक मोलाचे वाटले.

मी जर्मनीत क्रीडा-व्यवस्थापनाचे शिक्षण घेत असल्यामुळे ही इंटर्नशिप युरोपीय संघाच्या एरास्मुस प्लस या, विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकण्यासाठी व प्रशिक्षणासाठी अनुदान देणाऱ्या योजनेतून झाली. या योजनेत सहभागी विद्यापीठात नाव नोंदलेले असेल तर विद्यार्थी भारतीय असला तरी चालते. कालावधी किमान दोन महिन्यांचा आणि कमाल बारा महिन्यांचा असतो, आणि विद्यार्थी, विद्यापीठ व यजमान संस्था अशा तिघांच्या सह्यांचा एक करार आधी करावा लागतो. व्हिसा आणि कामाच्या परवान्याचे प्रश्न विद्यापीठाच्या कार्यालयाने निघण्यापूर्वीच तपासून घेतले. थेट महाराष्ट्रातून जाऊ इच्छिणाऱ्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. ‘बिनपगारी आहे, म्हणजे पर्यटक व्हिसा पुरेल’ असे सांगणारे दलाल भेटतात. पर्यटक व्हिसा काम करण्यासाठी नसतो आणि पगार नाही म्हणून काम हे काम राहत नाही असे नाही. दूतावासाकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.

एरिसेरा हे मूळचे मासेमारांचे गाव असून २०११ मध्ये तेथील किनाऱ्याला जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. युरोपातील असे ते पहिलेच क्षेत्र होते. या एका गोष्टीने स्टुडिओचे सगळे वेळापत्रक ठरते. गिऱ्हाईक प्रामुख्याने सर्फिंग करणारे. पहाटे लाटा चांगल्या असतील तर सकाळी नऊचा वर्ग रिकामा, समुद्र सपाट असेल तर त्याच वर्गाला मॅट कमी पडतात. त्यामुळे मालकीणबाई सकाळी आधी नोंदणीची यादी पाहत नसत, लाटांचा अंदाज पाहत. आणि दुसऱ्या आठवड्यापासून मीही तसेच करू लागले. लाटांच्या अंदाजावरून वर्गातील माणसांची संख्या सांगता येऊ लागली, त्या दिवशी मला या व्यवसायातले काहीतरी कळल्यासारखे वाटले. वर्गातील आसनेसुद्धा त्याच हिशेबाने निवडलेली असत: सर्फबोर्डवर पालथे पडून पाण्यात हात मारून मारून आखडलेले खांदे मोकळे करणारी, कंबर आणि नितंबांचे सांधे सैल करणारी, आणि शेवटी भरपूर शवासन.

जाहिरातीतील ‘समुद्राकडे उघडणारी लाकडी गच्ची’ खरोखरच तशी आहे. कोकणाप्रमाणे तेथेही समुद्र पश्चिमेला असल्याने सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. जूनच्या अखेरीस सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो आणि त्या वेळचा वर्ग सर्वांत आधी भरतो. छायाचित्रात जे दिसत नाही, ते वाऱ्याचे. उन्हाळ्यात दुपारनंतर उत्तरेकडून ‘नोर्तादा’ नावाचा वारा सुटतो. तो मॅटची टोके उचलतो, शिक्षिकेचा आवाज पळवून नेतो आणि घाम आलेल्या माणसाला पाच मिनिटांत कुडकुडवतो. २१ जूनला, जागतिक योगदिनी, गच्चीवर १०८ सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम ठेवला होता. चाळीसाव्या नमस्काराच्या आसपास सगळ्यांना आत हलवावे लागले आणि उरलेले नमस्कार अर्ध्या जागेत, एकमेकांच्या पायांना हात लावत पार पडले. समुद्रही दिसतो तसा प्रेमळ नाही. जूनमध्येसुद्धा पाणी इतके गार असते की आपल्या गुहागरची सवय असलेला माणूस गुडघ्यापर्यंतच जातो.

करारात माझे काम ‘वर्गात साहाय्य करणे’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे मी वाळू झाडली. याला अतिशयोक्ती समजू नये. समुद्रकाठच्या स्टुडिओत वाळू ही रोजची पाहुणी असते; ती मॅटमध्ये, लोडांच्या अभ्र्यांत, वॉशिंग मशीनच्या गाळणीत, सगळीकडे सापडते. खाऱ्या हवेने कड्या-बिजागऱ्यांना गंज चढतो, ब्लँकेट वाळता वाळत नाहीत, आणि धुक्याच्या सकाळी गच्चीवरील फळ्या निसरड्या होतात. मॅट पुसण्यासाठी पाणी आणि व्हिनेगर यांचे मिश्रण रोज बादलीत करून ठेवणे हे माझ्याकडे होते. तक्रार म्हणून सुरुवात केलेल्या याच कामातून पुढे मला खर्चाचा हिशेब उलगडत गेला: कोणते सामान किती दिवस टिकते, कशाला वर्षातून दोनदा बदलावे लागते.

मॅट आणि आसनात आधाराला घेतात त्या विटा बहुतेक बुचाच्या होत्या, आणि त्याबद्दल थोडे विषयांतर करते. जगातील सुमारे निम्मे बूच पोर्तुगालमध्ये तयार होते. बुचाच्या ओकवृक्षाची साल उन्हाळ्यात कुऱ्हाडीने हाताने सोलतात, झाड न तोडता. एकदा सोलल्यावर पुन्हा नऊ वर्षे त्याला हात लावता येत नाही, म्हणून खोडावर सोलल्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात. बुचाची मॅट ओली झाल्यावर घसरत नाही, उलट अधिक पकड देते. दमट किनाऱ्यावर ती रबराच्या मॅटपेक्षा सरस ठरते. मी येताना एक वीट घेऊन आले आणि या सहलीतील माझी ती एकमेव खरेदी आहे.

शिकवण्याच्या दर्जाविषयी संमिश्र मत द्यावे लागेल. तीन शिक्षकांपैकी दोघांचे वर्ग म्हणजे संगीताच्या तालावर केलेला व्यायाम होता. तो वाईट नव्हता, पण श्वासाविषयी ‘आत घ्या, बाहेर सोडा’ यापलीकडे काही नव्हते. तिसऱ्या शिक्षिका, पन्नाशीच्या पोर्तुगीज बाई, अय्यंगार परंपरेत, म्हणजे बी. के. एस. अय्यंगार यांच्या, पट्टा-वीट यांच्या आधाराने आसन बिनचूक करण्यावर भर देणाऱ्या पद्धतीत तयार झालेल्या होत्या. पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेपासून मी लहानपणी दोन बसथांब्यांवर राहत असे आणि तिथे कधी पाऊल टाकले नव्हते; माझ्या त्रिकोणासनात मागच्या टाचेवरचा भार कुठे चुकतो, हे मला अटलांटिकच्या काठावर एका परदेशी बाईंनी पट्टा आणि वीट लावून दाखवले. संकोच वाटला, हे मान्य करते. त्यांच्या वर्गात बसून टिपणे काढण्याची मुभा मला आठवड्यातून दोनदाच मिळाली. करारात निरीक्षणाचे तास आकड्यात लिहून घेतले असते तर ती जास्त मिळाली असती.

माझी सर्वांत मोठी तक्रार वेगळी आहे. पाचव्या आठवड्यात प्रवेशद्वारापाशी फलक लागला: ‘अस्सल भारतीय ध्यान’, खाली माझे नाव आणि माझे छायाचित्र. मला कोणी विचारले नव्हते. ध्यान शिकवण्याचे कोणतेही प्रशिक्षण मी घेतलेले नाही, आणि पासपोर्ट भारताचा आहे एवढ्यावर ते येत नाही. मी आक्षेप घेतल्यावर फलक त्याच संध्याकाळी उतरवला गेला आणि मालकीणबाईंनी क्षमाही मागितली, पण तोपर्यंत सहा जणांनी पैसे भरले होते व ते परत करण्याचे काम माझ्याच वाट्याला आले.

याउलट शनिवारी सकाळचा, गावातील वयस्क स्त्रियांसाठी सवलतीच्या दरात चालणारा वर्ग ही या स्टुडिओची सर्वांत चांगली गोष्ट आहे, आणि तिची जाहिरात कुठेही नाही. तो खुर्चीवर बसून, पोर्तुगीज भाषेत चालतो. माझे पोर्तुगीज तोडकेमोडके, त्यांचे इंग्रजी नाहीच. मग एकदा मी आपल्याकडे जे शब्द त्यांच्या भाषेतून आले ते म्हणून दाखवले: पाव, बटाटा, चावी, कोबी, घमेले, गोव्यात आणि तळकोकणात खिडकीला म्हणतात ते जनेल. एकेका शब्दाला त्या हसत आणि पुढचा मागत. पुढल्या शनिवारपासून मला वर्गात सूचना देऊ दिल्या गेल्या, आणि त्या मी चुकवल्या की दुरुस्त करायला बारा शिक्षिका हजर असत. पगार हा शब्दसुद्धा तिकडूनच आला. शब्द आला, पगार मात्र मला तिथे मिळाला नाही.

खर्चाचे थोडक्यात सांगते. राहण्याची सोय स्टुडिओची होती, पण छायाचित्रातली दोघींची खोली प्रत्यक्षात चौघींची निघाली. भाडे वेगळे द्यायचे असते तर एरास्मुसचे अनुदान पुरले नसते, कारण सर्फिंगमुळे गावातील भाडी मे महिन्यापासून चढतात. लिस्बनच्या काम्पो ग्रांद स्थानकावरून बसने सुमारे तासाभरात पोहोचता येते, आणि एरिसेरा माफ्रा नगरपालिकेत, म्हणजे लिस्बन महानगर क्षेत्रात येत असल्याने ४० युरोंचा मासिक पास तिथवर चालतो. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. माफ्राचा पाव, कडधान्यांचे सूप आणि बेसनाच्या भज्यांची आठवण करून देणारी फरसबीची तळलेली भजी यांवर आठवडा निघतो. मात्र हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती तरंगत नाही ना, हे आधी विचारावे.

जायचेच असेल तर एप्रिल ते जून हा काळ निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी इतकी असते की इंटर्नला गल्ल्यापलीकडे काही दिसणार नाही. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी ईमेलने विचारून घ्याव्यात: आठवड्याला निरीक्षणाचे तास किती, खोलीत खाटा किती, आणि आपले नाव व छायाचित्र कशासाठी वापरले जाईल. मी त्यांपैकी एकही विचारली नव्हती. मी विचारले होते ते गच्चीवरून समुद्र दिसतो का.